चौदावा दिवस, कमरेखालची उशी आणि राहून गेलेली एक तपासणी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३२, मिस्टरांचं ३५, नऊ महिने झाले चान्स घेताय. पाळी कधी २६ दिवसांनी येते तर कधी ३४. दर महिन्याला चौदाव्या दिवशी संबंध ठेवता, बाकीचे दिवस "ताकद साठावी" म्हणून थांबता, नंतर कमरेखाली उशी घेऊन अर्धा तास पडून राहता आणि उठल्यावर सगळं बाहेर आलं की रडू येतं. स्वतःहून लॅबमध्ये जाऊन एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी तपासणी) केलीत, ती १.४ आली, नेटवर वाचलंत आणि झोप उडाली. नणंद म्हणते आधी दोन वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेतल्यास म्हणून आता राहत नाहीये, मैत्रीण म्हणते टेन्शन सोड आपोआप होईल. आणि शेवटी जाता जाता एक वाक्य, की मिस्टरांची तपासणी केलेली नाही कारण त्यांना काही त्रास नाही.

मी २२ वर्षं दिवस न राहणाऱ्या जोडप्यांना तपासण्याचंच काम करतेय आणि खरं सांगू का, हा प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा येतो, फक्त आकडे बदलतात. तुमचं काही बिघडलंय असं यातून दिसत नाही. मेहनत मात्र चुकीच्या जागी चालली आहे, आणि जिथे खरंच काही सापडू शकतं ती जागा अजून कोणी बघितलेलीच नाही.

आधी तो चौदावा दिवस. ही गोष्ट कुठून आली बघा. १९२० च्या दशकात जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस या दोन डॉक्टरांनी वेगवेगळं काम करून साधारण एकच गोष्ट सांगितली, की बीज पुढची पाळी यायच्या साधारण १४ दिवस आधी बाहेर पडतं. पुढची पाळी यायच्या आधी! म्हणजे शेवटाकडून उलटं मोजायचं. पण पाळी बरोबर २८ दिवसांची असली की पुढून मोजा नाहीतर मागून, उत्तर १४ च येतं, त्यामुळे लोकांच्या डोक्यात फक्त "चौदावा दिवस" एवढंच राहिलं आणि मागून मोजायचं ते गळून पडलं. (गंमत म्हणजे या हिशोबाचा वापर पुढे दिवस राहू नयेत म्हणूनच जास्त झाला.) पाळीचा दुसरा भाग, बीज फुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा, त्यातल्या त्यात स्थिर असतो. पहिला भाग लांबतो, आखडतो, आजारपण, प्रवास, जागरण कशानेही.

आता तुमचा हिशोब करू. २६ दिवसांची पाळी असेल त्या महिन्यात बीज साधारण १२ व्या दिवशी, ३४ ची असेल त्या महिन्यात २० व्या दिवसाच्या आसपास. बाहेर पडलेलं बीज टिकतं जेमतेम १२ ते २४ तास. शुक्राणू चिवट असतात, आत चांगला स्राव असेल तर पाच दिवसांपर्यंत जगतात. मग चौदाव्या दिवशी काय झालं? लहान पाळीच्या महिन्यात तुम्ही दोन दिवस उशिरा पोचलात, बीज केव्हाच संपलं. मोठ्या पाळीच्या महिन्यात सहा दिवस लवकर, शुक्राणू वाट बघून गेले. नऊपैकी किती महिने असे गेले असतील ते तुमच्या तारखांवरून तुम्हीच काढा, मला तरी वाटतं की नीट प्रयत्न झालेले महिने नऊपेक्षा बरेच कमी आहेत. हे वाचून वाईट वाटेल पण माझ्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे.

या विषयातला माझा सगळ्यात आवडता अभ्यास १९९५ चा, विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. २२१ बायका, सगळ्या चान्स घेणाऱ्या, रोज सकाळची लघवी जमा करायच्या आणि कोणत्या दिवशी संबंध आले ते लिहून ठेवायच्या. त्यातून निघालं की गर्भ राहण्याचे दिवस सहा, बीज फुटण्याच्या आधीचे पाच आणि तो दिवस. पाच दिवस आधी चान्स साधारण १० टक्के, त्या दिवशी साधारण ३३ टक्के, आणि दुसऱ्या दिवसापासून जवळपास दार बंद. म्हणजे नेम धरायचाच असेल तर थोडा आधीचा धरा, "आज बीज फुटलं, आता करू" हा विचार उशिराचा आहे. याच लोकांनी पुढे २००० साली दाखवलं की हे सहाही दिवस १० ते १७ या तारखांमध्ये नीट बसतात अशा बायका फक्त ३० टक्क्यांच्या आसपास, बाकीच्यांचे आधी तरी सुरू होतात नाहीतर नंतर तरी संपतात. संबंध कोणत्या दिवशी ठेवले त्यावरून मुलगा का मुलगी ठरतं अशीही एक समजूत असते ना, त्याच १९९५ च्या आकड्यांत तसा काहीही संबंध दिसला नाही, त्या भानगडीत पडूच नका.

मग करायचं काय, तर सोपं आहे. पाळी सुरू झाल्यापासून आठव्या दिवसापासून साधारण एकविसाव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड. बस. कॅलेंडर फाडून टाका म्हटलं तरी चालेल. त्याच अभ्यासाच्या आकड्यांवरून, या दिवसांत रोज संबंध असतील तर महिन्याचा चान्स साधारण ३७ टक्के, एक दिवसाआड असतील तर ३३, आणि आठवड्यातून एकदाच असतील तर १५. रोज आणि एक दिवसाआड यात फरक नगण्य, म्हणून रोजचा अट्टहास नको, पण आठवड्यातून एकदावर आलात की चान्स निम्म्याच्याही खाली. आणि तुम्ही तर महिन्यातून एकदा दोनदावर होता.

आता ती "ताकद साठवणं". ही समजूत इतकी घट्ट आहे की शिकलेली, डॉक्टर असलेली जोडपीसुद्धा मला विचारतात. शुक्राणू ही काही टाकीत साठवायची गोष्ट नाही, रोज नव्याने तयार होत असतात. पाच-सात दिवसांच्या पुढे थांबलात तर आकडा थोडा वाढलेला दिसेल कदाचित, पण त्यात म्हातारे, न हलणारे शुक्राणू जास्त. नॉर्मल रिपोर्ट असलेल्या पुरुषांत रोज वीर्य बाहेर पडलं तरी संख्या आणि हालचाल सहसा नॉर्मलच राहते. तेव्हा साठवणं बंद.

ओव्ह्युलेशन किट घ्यायचं का असं बऱ्याच जणी विचारतात. घ्या हवं तर. लघवीतलं एलएच (बीज फुटायला लावणारं हार्मोन) वाढलं की पट्टी गडद होते, त्यानंतर साधारण एक ते दीड दिवसात बीज फुटतं, म्हणजे पट्टी गडद झाली तो दिवस आणि दुसरा दिवस सोडू नका. पण पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल तर एलएच एरवीही वाढलेलं असतं आणि पट्टी उगीच हो म्हणत राहते. सकाळी उठल्याउठल्या टेम्परेचर घ्यायची पद्धत पण आहे, फक्त टेम्परेचर चढतं ते बीज फुटून गेल्यावर, म्हणजे वरात निघून गेल्यावर टाळ्या. फुकटातली आणि खरोखर उपयोगी खूण एकच, अंगावरून जाणारा स्राव. पाळीनंतर काही दिवस कोरडं, मग चिकट, मग एक दिवस असा येतो की कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखा पारदर्शक, बोटांत धरला तर तार येते. ते दिवस हातचे घालवायचे नाहीत. कित्येक जणी नेमकं तेव्हाच "पांढरं जातंय, इन्फेक्शन असेल" म्हणून संबंध टाळतात आणि मेडिकलमधून काहीतरी आणून लावतात, हे मी इतक्या वेळा ऐकलंय! वास नाही, खाज नाही, जळजळ नाही तर ते इन्फेक्शन नाही. ॲपचं म्हणाल तर त्याला तुमच्या आत काय चाललंय ते कळत नाही, ते मागच्या तारखांवरून अंदाज बांधतं. २६ ते ३४ अशी पाळी असेल तर तो अंदाज ठेच खाणारच.

इथे थोडं मनातलं बोलते कारण हे कोणी लिहीत नाही. तारीख बघून संबंध ठेवायला लागलं की सहा महिन्यांत त्यातला सगळा रस जातो. "आज डेट आहे, लवकर ये" असा मेसेज दुपारी गेला की संध्याकाळी मिस्टरांना जमत नाही, मग भांडण, मग पुढच्या महिन्यात आधीपासूनच भीती, की परत नाही जमलं तर. तिशीतल्या ठणठणीत पुरुषांचं असं होतं आणि ते कोणाला सांगत नाहीत, बायकोला वाटतं यालाच मूल नकोय. म्हणून मी एक दिवसाआड म्हणते, त्यात "तो" दिवस असा राहतच नाही. आणि ज्यांना मुळात संबंध नीट होतच नाहीयेत, खूप दुखतं, आत जातच नाही, किंवा आतमध्ये वीर्य पडतच नाही, त्यांनी हे पहिल्या भेटीत सांगायला हवं. लग्नाला चार वर्षं झालेली, सगळ्या महागड्या तपासण्या झालेली जोडपी माझ्याकडे येतात, आणि दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं की कळतं संबंध एकदाही पूर्ण झालेला नाही. याआधी कोणी विचारलंच नव्हतं. याच्यावर उपाय आहेत आणि चांगले आहेत, फक्त तोंडातून बाहेर पडायला हवं.

उशी. उशीने काही बिघडत नाही, उशीने काही होतही नाही. शुक्राणू मिनिटा-दोन मिनिटांत गर्भपिशवीच्या तोंडाच्या स्रावात शिरलेले असतात, त्यांना उताराची गरज नाही. जे बाहेर येतं ते बहुतेक सगळं वीर्यातलं पाणी आणि मागे राहिलेले शुक्राणू, ते सगळ्यांचंच बाहेर येतं, जुळ्यांच्या आईचंसुद्धा आलं होतं. आययूआयनंतर (म्हणजे वीर्य नळीने थेट गर्भपिशवीत सोडल्यावर) १५ मिनिटं झोपवून ठेवण्यावर तर चाचण्या पण झाल्यात, २००९ साली एकीत फायदा दिसला, २०१७ साली दुसरी आली त्यात नाही दिसला. तेव्हा झोपायचं असेल तर झोपा, लघवीला जायचं असेल तर जा (लघवीची वाट वेगळी आहे, त्याने काही वाहून जात नाही). अमुक पोझिशन, पाय भिंतीला, डावी कूस, सगळं एकाच पिशवीत घाला आणि ती पिशवी बाहेर ठेवा. एक गोष्ट मात्र बघा, कोरडेपणासाठी जेल वापरत असाल तर साधे बाजारातले बरेच जेल आणि थुंकीसुद्धा लॅबमध्ये शुक्राणूंची हालचाल मंदावतात असं दिसलंय. प्रत्यक्षात त्याने दिवस राहणं कमी होतं असं ठाम दिसलेलं नाही, पण वापरायचंच असेल तर शुक्राणूंना न मारणारं म्हणून जे वेगळं मिळतं ते मागा.

आता मुद्द्यावर. मिस्टरांची तपासणी.

मूल राहत नसेल तर जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं काहीतरी असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. तब्येत चांगली असणं, संबंध व्यवस्थित जमणं, वीर्य भरपूर दिसणं, यातल्या कशावरूनही शुक्राणू आहेत की नाहीत हे कळत नाही. शंभरात एखाद्या पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू शून्य असतात आणि वरून काहीही दिसत नाही, कारण वीर्याचा बहुतेक भाग इतर ग्रंथींतून येतो, शुक्राणूंचा वाटा त्यात अगदी थोडा. आणि तपासणी किती साधी! सुई नाही, भूल नाही, एका डबीत सॅम्पल. तरी माझ्याकडे येणाऱ्या बाईच्या फाईलमध्ये दोन वर्षांच्या सोनोग्राफ्या, रक्ताच्या तपासण्या, ट्यूबची तपासणी, एखादी दुर्बिणीची पण, आणि अहोंचा रिपोर्ट कुठे म्हटलं की दोघं एकमेकांकडे बघतात. याचा मला राग येतो, खोटं कशाला बोलू.

सॅम्पल देताना दोन ते सात दिवस गॅप ठेवायचा (इथे गॅप लागतो, चान्स घेताना नाही, हा गोंधळ इथूनच झाला असावा असा माझा संशय आहे). सगळं सॅम्पल डबीत यायला हवं, पहिला भाग सांडला असेल तर लाजू नका, लॅबला सांगा, कारण शुक्राणू जास्त पहिल्याच भागात असतात. घरून नेणार असाल तर तासाभराच्या आत, आणि डबी शर्टाच्या आत अंगाजवळ ठेवून. रिपोर्ट आल्यावर घाबरायचं नाही हे आधीच सांगते, कारण त्यात एक ओळ असते, नॉर्मल आकाराचे शुक्राणू ४ टक्के. बघणाऱ्याला वाटतं ९६ टक्के खराब, संपलं सगळं. अहो, २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात खालची मर्यादाच ४ टक्के दिलीय! बाकी मर्यादा म्हणजे वीर्य १.४ मिली, दर मिलीला १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के आणि पुढे सरकणारे ३० टक्के. हे आकडे ज्यांना वर्षभराच्या आत मूल राहिलं अशा पुरुषांमधले तळाचे ५ टक्के धरून काढलेत, म्हणजे याच्या थोडं खाली असलं तरी बाप होता येतं आणि वर असलं म्हणजे गॅरंटी असंही नाही. एक रिपोर्ट खराब आला तर त्यावर काहीच ठरवायचं नाही, परत करायचा. शुक्राणू तयार व्हायलाच साधारण ७४ दिवस लागतात, मग बाहेरच्या वाटेवर अजून थोडे, धरून चला तीन महिने. म्हणजे आजचा रिपोर्ट हा तीन महिन्यांपूर्वीच्या तुमच्या मिस्टरांचा. तेव्हा मोठा ताप येऊन गेला असेल तर तो यात दिसेल. आणि सिगरेट आज सोडली तर तिचा फायदाही पुढच्या आठवड्यात शोधू नका.

जिम करतात का ते? हे मी आता प्रत्येकाला विचारते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) घेतलं, इंजेक्शन असो जेल असो, की मेंदूला वाटतं भरपूर आहे आणि तो वृषणांना ऑर्डर देणं बंद करतो, शुक्राणू कमी होत होत शून्यावर येऊ शकतात. दंड फुगलेले, दाढी दाट आणि रिपोर्टमध्ये शून्य. बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं पण महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. सगळ्यात वाईट म्हणजे काउंट कमी आला म्हणून "पुरुषी ताकद" वाढवायला हेच इंजेक्शन घेणारे भेटतात. गरम पाण्याचा टब, मांडीवर लॅपटॉप, घट्ट अंडरवेअर यात थोडं तथ्य आहे, वृषण शरीराच्या बाहेर लटकतात ते थंड राहायलाच. २०१८ साली ६५६ पुरुषांच्या एका अभ्यासात सैल अंडरवेअर घालणाऱ्यांची शुक्राणूंची घनता २५ टक्के जास्त निघाली, पण त्यामुळे दिवस लवकर राहतात का हे त्यात बघितलेलं नव्हतं. सैल घाला, त्यात जातंय काय, पण एवढं करून तपासणी टाळू नका.

आता तुमची एएमएच. ही तपासणी बीजांचा साठा अंदाजे किती उरलाय ते सांगते. आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) इंजेक्शनांना किती बीजं तयार होतील हे ठरवायला आम्हाला ती लागते. नैसर्गिकपणे या महिन्यात दिवस राहतील का, हे ती सांगत नाही, कारण महिन्याला लागतं एकच बीज, गोदामात दहा हजार आहेत का पन्नास हजार याच्याशी त्या एकाला काय देणंघेणं. २०१७ साली अमेरिकेतला एक चांगला अभ्यास आला, ३० ते ४४ वयाच्या साधारण ७५० बायका, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या. ज्यांची एएमएच ०.७ पेक्षा कमी होती त्यांनाही दिवस राहण्याचा चान्स इतरांपेक्षा कमी नव्हता. तुमची १.४ आहे. हे न विचारता केलेल्या तपासणीचं नेहमीचं फळ, उत्तर मिळालं पण प्रश्नच नव्हता.

साठ्यापेक्षा वय महत्त्वाचं, कारण बीजाचा दर्जा वयाबरोबर जातो. मुलगी जन्मते तेव्हा १० ते २० लाख बीजं, वयात येईपर्यंत ३ ते ४ लाख, आणि आयुष्यात फुटतात त्यातली चारशेच्या आसपास, बाकीची नुसतीच विरतात. पस्तिशीनंतर उतार वाढतो, चाळिशीला बराच तीव्र. ३२ ला घाई नाही, पण "बघू पुढच्या वर्षी" म्हणत तीन वर्षं घालवायचं हे वय पण नाही.

टेन्शनबद्दल. तुमच्या मैत्रिणीचा हेतू चांगला आहे पण हे वाक्य ऐकून बायका अजून टेन्शन घेतात, की आता टेन्शन घेतल्यामुळेच होत नाहीये. २०११ साली १४ अभ्यास एकत्र करून बघितले होते, उपचार घेणाऱ्या ३५८३ बायका, आणि उपचाराआधी मनाची घालमेल जास्त असलेल्यांना दिवस कमी राहिले असं निघालं नाही. टेन्शनचा खरा मार दुसरीकडे बसतो, झोप जाते, दोघं जवळ येणं कमी होतं आणि चार महिन्यांनी उपचारच अर्धवट सोडतात. तेव्हा रडू आलं तर रडा, त्याने गर्भ पळून जात नाही.

नणंदेला सांगा की गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही. गर्भनिरोधक थांबवल्यावर वर्षभरात ८३ टक्के बायकांना दिवस राहिले असं बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब सांगतो, म्हणजे कधीच काही न घेतलेल्यांइतकंच. तीन महिन्यांचं इंजेक्शन घेतलं असेल तर पाळी लायनीवर यायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून वर्षभरही, पण येते. बऱ्याचदा काय होतं, पाळी आधीपासूनच अनियमित असते म्हणूनच गोळ्या दिलेल्या असतात, गोळ्या असेपर्यंत ती घड्याळासारखी येते, थांबवल्या की मूळ स्वभाव दिसतो आणि बदनाम गोळी होते.

पिशवी उलटी आहे असं सोनोग्राफीत लिहून आलं तर पाचातल्या एकीची तशीच असते, त्याला उपचार नाही कारण तो आजार नाही. "पिशवी धुऊन घ्या म्हणजे राहील" म्हणून नुसतं क्युरेटिंग करून घेऊ नका, उगीच खरवडून आतले थर चिकटण्याचा धोका. मात्र ट्यूबच्या तपासणीनंतर दिवस राहतात असं जे बायका म्हणतात त्यात तथ्य निघालं. २०१७ साली १११९ बायकांच्या चाचणीत तेलाचं औषध घालून ट्यूब तपासली त्यांच्यात सहा महिन्यांत ३९.७ टक्के प्रेग्नन्सी टिकल्या, पाण्याचं औषध वापरलं त्यांच्यात २९.१. म्हणजे सगळ्याच ऐकीव गोष्टी खोट्या नसतात. पण म्हणून तुम्ही आज उठून ट्यूब तपासायला जाऊ नका, आधी वीर्याचा रिपोर्ट.

फॉलिक ॲसिड चालू नसेल तर आज चालू करा, रोज ४०० मायक्रोग्रॅम. दिवस राहिल्याचं कळल्यावर घेऊ म्हणतात, तेव्हा उशीर होतो, बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून बनतो ती गर्भधारणेपासून २८ दिवसांत बंद होते आणि तोपर्यंत कित्येकींना पाळी चुकल्याची शंका नुकती यायला लागलेली असते. १९९१ च्या मोठ्या चाचणीत, ज्यांच्या आधीच्या बाळात ही नळी उघडी राहण्याचा दोष होता अशा बायकांमध्ये फॉलिक ॲसिडने तो परत होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. डायबेटिस, फिट्सची औषधं, किंवा आधीच्या बाळात असा दोष असेल तर डोस जास्त लागतो, तो डॉक्टरांकडून ठरवून घ्या. रुबेलाची लस झाली नसेल तर आत्ता घ्या आणि त्यानंतर एक महिना चान्स घेऊ नका.

मग डॉक्टरांकडे कधी? ३५ च्या आत असाल तर वर्षभर नीट प्रयत्न करून, ३५ नंतर सहा महिन्यांनी, चाळिशी असेल तर थांबायचंच नाही. सगळं ठीक असलेल्या जोडप्यातही एका महिन्याचा चान्स २०-२५ टक्क्यांच्या पुढे नसतो, वर्षभरात साधारण ८५ टक्क्यांना राहतं, आणि उरलेल्यांतल्या जवळपास निम्म्यांना दुसऱ्या वर्षात. पण पाळी ३५ दिवसांच्या पुढे जात असेल किंवा येतच नसेल, पाळीत असह्य दुखत असेल, एकदा ट्यूबमध्ये गर्भ राहिला असेल, पोटाचं मोठं ऑपरेशन किंवा इन्फेक्शन झालं असेल, मिस्टरांचं वृषण लहानपणी खाली उतरलं नव्हतं असं असेल, मोठेपणी गालफुगीत तिथे सूज आली असेल, तर वर्ष वगैरे मोजू नका. पहिलं मूल पटकन झालं म्हणून दुसरंही होणारच, हेही धरू नका.

तुम्ही माझ्यासमोर असतात तर मी हेच सांगितलं असतं: वीर्याची तपासणी या महिन्यात, तुमची थायरॉईड, आणि बीज फुटतंय का बघायला प्रोजेस्टेरॉन. यात पण तोच चौदावा दिवस आडवा येतो हं. लॅबमध्ये "एकविसाव्या दिवशी या" म्हणतात, ते २८ च्या पाळीला. ही तपासणी पाळीच्या सात दिवस आधी करायची असते, तुमच्या ३४ च्या पाळीला तो २७ वा दिवस येतो. एकविसाव्याला केलीत तर आकडा कमी येईल, कोणीतरी म्हणेल बीज फुटतच नाही आणि उगाच गोळ्या चालू होतील. पुढची पाळी कधी येणार माहीत नसेल तर २१ ला एकदा आणि २७-२८ ला एकदा करा. हे सगळं नॉर्मल असेल तर तीन महिने एक दिवसाआड, मग पुढचं.

आणि पाळी यायच्या आठ दिवस आधी प्रेग्नन्सी टेस्ट करत असाल तर ते थांबवा. गर्भ पिशवीत रुजतो तो बहुतेक वेळा बीज फुटल्यानंतर आठव्या ते दहाव्या दिवशी, त्याआधी लघवीत काही येणं शक्यच नाही, नुसते पैसे आणि अश्रू. पाळी चुकली की सकाळच्या पहिल्या लघवीत करा, निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही तर तीन-चार दिवसांनी परत. पॉझिटिव्ह आल्यावर एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली किंवा रक्त गेलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दाखवा.

पहिल्या भेटीला येताना मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा, दोघांच्या चालू औषधांची यादी, जिमच्या पावडरीचं लेबल असेल तर त्याचा फोटो, आणि मिस्टर. त्यांना बाहेर गाडीत बसवून ठेवू नका.